स्पॅनिश आणि पत्रकारिता एकत्र शिकायची तर

पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे आणि पत्रकारितेचा विभागही तिथेच वाढला. एकाच फाटकातून आत जाणारी मुलं, पण एका विभागातलं दुसऱ्या विभागात कुणी फारसं डोकावत नाही. मी दिवसा एका कॉलेजात माध्यमांची पदवी करत होते आणि संध्याकाळी स्पॅनिशच्या वर्गाला जात होते. माझंही तेच झालं होतं. दोन बॅगा, दोन वह्या. स्पॅनिशच्या वहीत फळांची नावं आणि माध्यमांच्या वहीत इंग्रजी सिद्धांत. दोन वर्षं अशीच गेली. आज पुन्हा सुरुवात करायची असती तर पहिल्या सहामाहीतच दोन्ही वह्यांची एक वही केली असती आणि स्पॅनिशकडे इंग्रजीच्या पुलावरून न जाता थेट मराठीतून गेले असते. पुढचं सगळं याच दोन गोष्टींबद्दल आहे.

आधी चौकट ठरवा

तीन रस्ते आहेत. पहिला: पदवीत माध्यमं मेजर आणि स्पॅनिश मायनर. नव्या शैक्षणिक धोरणानंतर कागदावर हे सोपं झालंय, पण तुमच्या कॉलेजात स्पॅनिश शिकवणारं माणूस आहे का आणि ती भाषा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापर्यंत चालू राहते का, हे प्रवेशाआधी विचारा. एका सहामाहीचं स्पॅनिश म्हणजे नमस्कार-चमत्कार, बाकी काही नाही.

दुसरा रस्ता म्हणजे एकाच वेळी दोन पदव्या. यूजीसीने २०२२ मध्ये याला परवानगी दिली. अट एवढीच की दोन्हींच्या तासांच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत. व्यवहारात वर्षभर हजेरीशी झगडावं लागतं, म्हणून मी हा रस्ता सुचवत नाही.

तिसरा रस्ता माझा: दिवसा माध्यमांची पदवी आणि संध्याकाळी किंवा सकाळी लवकर स्पॅनिशचं सर्टिफिकेट, मग डिप्लोमा. सावकाश होतं, पण तुटत नाही. परकीय भाषेच्या पातळ्या ए१, ए२, बी१, बी२ अशा चढत्या क्रमाने मोजतात. सर्टिफिकेटच्या एका वर्षात तुम्ही साधारण ए१ पार करून ए२ च्या उंबरठ्यावर येता. बातमी डिक्शनरीशिवाय वाचता यायला मला तिसरं वर्ष उजाडलं, आणि मी नेटाने करत होते.

भाषेलाच मुख्य विषय करायचं असेल तर दिल्लीचं जेएनयू आणि हैदराबादचं ईएफएलयू (इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटी) इथे स्पॅनिशची बीए ऑनर्स आहे. ईएफएलयूमध्ये पत्रकारितेचाही विभाग आहे, ही गोष्ट अर्ज भरताना फार कमी जणांच्या लक्षात येते.

आणि एक बारीकसं काम पहिल्याच आठवड्यात उरकून टाका. फोन आणि लॅपटॉपवर स्पॅनिश कीबोर्ड घाला. स्पॅनिशमध्ये 'न' वर एक लाट असते, त्या अक्षराला 'एन्ये' म्हणतात. 'आन्यो' म्हणजे वर्ष. लाट विसरलात तर त्याचं 'आनो' होतं आणि अर्थ होतो गुदद्वार. 'मी २१ वर्षांची आहे' असं लिहायला जावं आणि भलतंच जाहीर व्हावं, हे वर्गात दरवर्षी कुणीतरी करतंच.

पहिलं वर्ष: इंग्रजी बाजूला ठेवा

आपल्याकडे मिळणारी बहुतेक स्पॅनिशची पुस्तकं इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी लिहिलेली असतात. जे त्यांना अवघड तेच त्यांत पानंच्या पानं समजावलेलं असतं. आपण ते इंग्रजीतून वाचतो आणि जे आपल्याला जन्मापासून येतं तेच घाबरत घाबरत शिकतो.

उदाहरण 'गुस्तार' या क्रियापदाचं. पुस्तकात त्यावर अख्खा धडा असतो, कारण इंग्रजीत आवडणारा माणूस कर्ता असतो. स्पॅनिशमध्ये म्हणतात, 'मे गुस्ता एल काफे'. मराठीत? 'मला कॉफी आवडते'. 'मे' म्हणजे मला आणि क्रियापद कॉफीप्रमाणे बदलतं. पुस्तकं अनेक झाली की 'मे गुस्तान लोस लिब्रोस', मला पुस्तकं आवडतात. 'आवडते'चं 'आवडतात' होतं तसंच 'गुस्ता'चं 'गुस्तान'. धडा संपला. दुखणं, उरणं, कमी पडणं ही क्रियापदंही याच वळणाची: 'मे फाल्ता तिएम्पो', मला वेळ कमी पडतो.

दुसरं, 'आ' हे अव्यय. स्पॅनिशमध्ये घर बघितलं तर 'वेओ ला कासा', पण मारियाला बघितलं तर 'वेओ आ मारिया'. माणूस आला की मध्ये 'आ' येतो. इंग्रजी शिकणाऱ्याला हे अगम्य वाटतं. आपण मात्र 'मी घर बघते' आणि 'मी मारियाला बघते' असं न शिकवताच म्हणतो. तो 'आ' म्हणजे आपला '-ला', एवढं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

भूतकाळाची जोडीही तशीच. 'कोमी' म्हणजे जेवले, एकदा, झालं. 'कोमिआ' म्हणजे जेवायचे, रोज, त्या काळी. मुलं 'प्रेतेरितो' आणि 'इम्पेरफेक्तो' यांचे तक्ते पाठ करत बसतात. त्यापेक्षा वाक्य आधी मराठीत म्हणून बघा. '-यचे' किंवा '-त असे' येत असेल तर दहातल्या आठ वेळा दुसरा प्रकार बरोबर असतो. आणि ज्याचं नाव ऐकूनच घाम फुटतो तो 'सुबखुन्तिवो': 'किएरो के वेंगास', तू यावंस असं मला वाटतं. 'येतोस' वेगळं आणि 'यावंस' वेगळं, हा फरक ज्याच्या कानात आहे त्याला हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही, फक्त रूपं पाठ करावी लागतात. 'तू' आणि 'उस्तेद' हे आपले तू आणि तुम्ही, त्यात शिकण्यासारखं काही नाही. वाक्यातून 'मी' गाळायचीही आपल्याला सवय आहेच.

मराठी जिथे साथ सोडते ती ठिकाणंही ओळखून ठेवा. 'सेर' आणि 'एस्तार', दोन्ही म्हणजे 'असणं'. कायमचं असेल तर पहिलं आणि तात्पुरतं असेल तर दुसरं, असा नियम शिकवतात, पण मेलेल्या माणसालाही 'एस्ता मुएर्तो' म्हणतात आणि मरणाहून कायमचं काय असतं? एखाद्या गोष्टीची आत्ताची अवस्था सांगायची तर 'एस्तार', असं धरून चाला. 'पोर' आणि 'पारा', दोन्हींचा अर्थ ढोबळमानाने '-साठी', ते वाचनानेच सुधारतात. लिंगं तीनऐवजी दोनच आहेत, पण 'प्रोग्रामा', 'तेमा', 'प्रोब्लेमा', 'सिस्तेमा' हे शेवटी 'आ' असूनही पुल्लिंगी. माध्यमांच्या विद्यार्थ्याला हे चारही शब्द रोज लागतात, त्यामुळे चूक रोज होते.

उच्चारांचं सांगायचं तर आपले 'त' आणि 'द' आयते बसतात. 'र' मात्र दोन: 'पेरो' म्हणजे पण आणि 'पेर्रो' म्हणजे कुत्रा. दुसऱ्यात जीभ थरथरायला हवी.

चौथ्या महिन्यापासून बातमी

पाठ्यपुस्तक संपायची वाट बघू नका. चौथ्या महिन्यात रोज एक मथळा, सहाव्या महिन्यात मथळा आणि पहिला परिच्छेद, वर्षाअखेर एक पूर्ण बातमी. पद्धत अशी: एकच घटना निवडा आणि ती तीन ठिकाणी वाचा. माद्रिदचं 'एल पाईस' (१९७६ मध्ये, हुकूमशहा फ्रँकोच्या मृत्यूनंतर सहा महिन्यांच्या आत निघालेलं), मेक्सिकोचं 'एल उनिवेर्साल' आणि ब्वेनोस आयरेसचं 'क्लारिन'. भूकंप, निवडणूक, फुटबॉल, काहीही चालेल. भाषा एक, पण शब्द बदलतात. पत्रकार परिषदेला स्पेनमध्ये 'र्रुएदा दे प्रेन्सा' म्हणतात आणि लॅटिन अमेरिकेत 'कॉन्फेरेन्सिया दे प्रेन्सा'. बातमीच्या इंट्रोला, म्हणजे सुरुवातीच्या परिच्छेदाला, स्पेनमध्ये 'एन्त्रादिया', अर्जेंटिनात 'कोपेते'. इंटर्न इकडे 'बेकारिओ', तिकडे 'पासान्ते'. स्पॅनिश २० देशांची राजभाषा आहे. ती 'एकच' शिकायची असते हा भ्रम या वाचनाने आठवडाभरात जातो.

वाचताना चार गोष्टींवर नजर ठेवा. चारही पत्रकारितेच्या आहेत आणि भाषेच्या वर्गात क्वचितच निघतात.

मथळा क्रियापदाने सुरू झाला तर कर्ता शोधत बसू नका. 'देतिएनेन आ दोस एन पुएब्ला' याचं 'ते दोघांना अटक करतात' असं भाषांतर मी केलं होतं. 'ते' कोण हे शोधायला बातमी दोनदा वाचली. मराठी मथळा साधा आहे: पुएब्लात दोघांना अटक.

आकडे. इथे चूक झाली तर ती हजारपट असते. स्पॅनिशमधला 'बियोन' म्हणजे इंग्रजी बिलियन नव्हे. 'बियोन' म्हणजे १ लाख कोटी. इंग्रजी बिलियन, म्हणजे आपले १०० कोटी, त्याला स्पॅनिशमध्ये 'मिल मियोनेस' म्हणतात. अर्थसंकल्पाची बातमी करताना मी आकडा आधी कोटींत उतरवते आणि मग इंग्रजीत नेते. लाख-कोटीची सवय असल्यामुळे हा हिशेब आपल्याला उलट सोपा जातो. शिवाय स्पेन आणि अर्जेंटिनात दशांशाला स्वल्पविराम लावतात आणि हजाराला टिंब, तर मेक्सिकोत आपल्यासारखंच टिंब. ३,५ टक्के वाचून पस्तीस टाइप करणारे असतात.

नावं. स्पॅनिश माणसाला दोन आडनावं असतात, आधी वडिलांचं आणि मग आईचं. दुसऱ्या उल्लेखात पहिलं आडनाव वापरतात किंवा दोन्ही, नुसतं शेवटचं नाही. मेक्सिकोचे माजी अध्यक्ष लोपेस ओब्रादोर यांना नुसतं 'ओब्रादोर' लिहिणं म्हणजे नाव अर्धवट तोडणं. मराठी डेस्कवर आणखी एक काम तुमच्याकडे येईल: 'जे' (J) या अक्षराचा उच्चार 'ह' आणि 'ख' यांच्या मधला. त्यामुळे आपल्या छापील कॉपीत ज्याचं नाव 'जॉर्ज' येतं, तो माणूस 'होर्हे' असतो.

चौथी गोष्ट मला फार आवडते. 'एल मिनिस्त्रो आब्रिया दिमितिदो' या वाक्यातलं क्रियापद संकेतार्थी आहे, पण अर्थ 'दिला असता' असा नाही. अर्थ आहे, मंत्र्यांनी राजीनामा दिल्याचे समजते. आपल्या वृत्तपत्री मराठीतला 'समजते' तिथे क्रियापदाच्या रूपात दडलाय. याला अफवेचा संकेतार्थ म्हणतात. लॅटिन अमेरिकी वृत्तपत्रांत तो सर्रास दिसतो आणि स्पेनच्या शैलीपुस्तिका तो टाळायला सांगतात. एका क्रियापदावरून पत्रकारितेच्या नीतीवर अख्खा निबंध होतो. मी केला आणि तो माध्यमांच्या वर्गात दिला.

शब्दकोश म्हणून स्पॅनिश अकादमीचा कोश वापरा, तो नेटवर मोफत आहे. त्याच्याइतकाच उपयोगी 'फुंदेऊ'. बातम्यांमधली भाषा तपासायला २००५ मध्ये एफे या वृत्तसंस्थेच्या पुढाकाराने सुरू झालेली ही संस्था. रोजच्या बातम्यांत काय चुकतंय आणि बरोबर काय हे ती छोट्या टिपणांत सांगते. २०१३ पासून ती वर्षाचा शब्दही निवडते: २०२० ला 'कोन्फिनामिएन्तो' (टाळेबंदी), २०२१ ला 'वाकुना' (लस). गेल्या दहा-बारा वर्षांचे शब्द ओळीने लावलेत तरी एक असाइनमेंट तयार होते.

कान

कानासाठी दोन गोष्टी पुरे. स्पेनच्या सरकारी वाहिनीचं 'तेलेदिआरिओ' हे बातमीपत्र आणि २०१२ पासून चालणारा 'रादिओ आम्बुलान्ते' हा पॉडकास्ट. पॉडकास्टमध्ये लॅटिन अमेरिकेतल्या खऱ्या घटना असतात, दर भागाला वेगळ्या देशाची बोली, आणि संकेतस्थळावर पूर्ण संहिता मिळते. आधी न वाचता ऐका, मग संहितेसह, मग पुन्हा न वाचता. शेवटी दोन मिनिटांचा तुकडा निवेदकाच्या मागोमाग मोठ्याने बोला. घरचे विचित्र नजरेने बघतात, त्याला इलाज नाही.

मालिका बघून भाषा येते असं म्हणणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही. खाली इंग्रजी ओळी असल्या की डोळे वाचतात आणि कान झोपतात.

माध्यमांच्या सबमिशनमध्ये स्पॅनिश घुसवा

हा सगळ्यांत मोठा फायदा आणि तोच बहुतेक जण घेत नाहीत. संज्ञापनाच्या सिद्धांतात आपण जे शिकतो ते बव्हंशी अमेरिकेतून किंवा इंग्लंडातून आलेलं असतं. लॅटिन अमेरिकेत याच विषयाची स्वतंत्र आणि दणकट परंपरा आहे. स्पेनच्या आविलामध्ये जन्मलेले आणि कोलंबियात घडलेले खेसुस मार्तिन-बार्बेरो यांनी १९८७ मध्ये मांडलं की माध्यमांकडे बघण्याआधी लोक ती कशी वापरतात, टीव्हीवरची मालिका घरात कशी शिरते, ते बघा. बोलिव्हियाचे लुइस रामिरो बेल्त्रान, उरुग्वेचे मारिओ काप्लुन ही आणखी दोन नावं. इक्वाडोरच्या क्वितोमधली 'सिएस्पाल' ही संस्था १९५९ पासून या क्षेत्रात आहे. या मंडळींचे लेख मूळ स्पॅनिशमध्ये बी१ च्या पातळीवर वाचता येतात, कारण सैद्धांतिक शब्द बहुतेक लॅटिन मुळाचे असतात आणि इंग्रजीमुळे ओळखीचे निघतात. इथे इंग्रजीचा पूल जरूर वापरा.

मॅकब्राइड आयोगाचं नाव प्रत्येक माध्यम विद्यार्थ्याने ऐकलेलं असतं. जगातल्या माहितीच्या आणि बातम्यांच्या असमतोलावर युनेस्कोने नेमलेल्या त्या आयोगाचा अहवाल १९८० मध्ये आला. त्यात कोलंबियातून गाब्रिएल गार्सिआ मार्केस होते, चिलेतून हुआन सोमाविआ आणि भारतातून बी. जी. व्हर्गीस. एका टेबलावर हे तिघे. यावर स्पॅनिश, इंग्रजी आणि मराठी वृत्तपत्रांनी त्या वर्षी काय छापलं, हा विषय मी नेहमी सुचवते.

प्रबंधाला आणखी एक विषय देते, हवा तर घ्या. १९४७ मध्ये कोलंबियाच्या सुतातेन्सा या डोंगरी गावात खोसे खोआकिन साल्सेदो नावाच्या तरुण धर्मगुरूने शेतकऱ्यांसाठी रेडिओ सुरू केला. अक्षरओळख, शेती, आरोग्य, सगळं रेडिओवरून, आणि गावागावात लोक एकत्र बसून ऐकत. आता इकडे या. १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणी पुणे केंद्राने शेतकऱ्यांसाठी रेडिओ श्रोता मंडळं चालवली: ५ जिल्हे, सुमारे १५० गावं, आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे २० कार्यक्रम. ऐकायचं, चर्चा करायची, शंका केंद्राला कळवायच्या. नऊ वर्षांच्या अंतराने, दोन खंडांत, जवळपास एकच कल्पना. रादिओ सुतातेन्साचा संग्रह बोगोटाच्या लुइस आंखेल आरांगो ग्रंथालयात आहे आणि पुण्याच्या प्रयोगाचं मूल्यमापन त्याच वेळी टाटा समाजविज्ञान संस्थेच्या मदतीने झालं होतं. स्पॅनिश आणि मराठी दोन्ही येणारा माणूस हा प्रबंध लिहू शकतो, आणि असे किती जण आहेत?

एवढं जड नको असेल तर टीव्ही घ्या. १९९९ साली कोलंबियात सुरू झालेल्या 'यो सोय बेत्ती, ला फेआ' या मालिकेवरून २००३ मध्ये आपल्याकडे हिंदीत 'जस्सी जैसी कोई नहीं' आली. दोन्हींचे पहिले पाच भाग शेजारी ठेवून कुटुंब, ऑफिस आणि 'कुरूप' या शब्दाचं काय झालं ते लिहा.

परीक्षा: गट बघा, बेरीज नको

प्रमाणपत्रासाठी 'देले' ही परीक्षा. भारतात तिचं मुख्य घर म्हणजे दिल्लीतलं इन्स्तितुतो सेर्वान्तेस, स्पेन सरकारची भाषा-संस्कृतीची संस्था. एकदा पास झालात की ते कायमचं राहतं. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस बी२ हे ध्येय ठेवा. वाचन ७० मिनिटं, श्रवण ४०, लेखन ८०, आणि संभाषण २०, त्याआधी तयारीला आणखी २०.

मी पहिल्यांदा बसले तेव्हा १०० पैकी ७१ गुण मिळवून नापास झाले. वाचन आणि लेखन यांचा एक गट, श्रवण आणि संभाषण यांचा दुसरा, आणि प्रत्येक गटात ५० पैकी ३० हवेत. माझे पहिल्यात ४४ आणि दुसऱ्यात २७. तीन वर्षं पेपर वाचत बसले आणि बोलले कुणाशी? कुणाशीच नाही. पुढच्या वेळेआधी चार महिने आठवड्यातून दोनदा एका मैत्रिणीशी फोनवर फक्त स्पॅनिश, तेही घड्याळ लावून. तुम्ही हे पहिल्या वर्षापासून करा.

माध्यमांच्या मुलांना बी२ मध्ये छुपा फायदा आहे. संभाषणात एका पाहणीच्या आकडेवारीवर बोलायला लावतात, एक छायाचित्र बघून प्रसंग उभा करायचा असतो, लेखनात आलेखावरून लेख लिहिण्याचा पर्याय असतो. हे सगळं तुम्ही पत्रकारितेच्या वर्गात करतच असता.

अर्जाची तारीख जवळ आली असेल तर 'सिएले' द्या. ती संगणकावर होते, निकाल तीन आठवड्यांत लागतो, पास-नापास नसतं, १००० पैकी गुण आणि त्यावरून पातळी. पण ते प्रमाणपत्र पाच वर्षंच चालतं.

स्पेनला जायचं असेल तर

माद्रिदच्या कोम्प्लुतेन्से विद्यापीठात माहितीशास्त्राची, म्हणजे पत्रकारितेची, विद्याशाखा १९७१ पासून आहे. बार्सिलोनाच्या स्वायत्त विद्यापीठातही त्याच वर्षापासून, पण तिथे बरेच तास कातालान भाषेत होतात. अभ्यासक्रमाच्या पानावर शिकवण्याची भाषा वाचूनच अर्ज भरा. गुणपत्रिकांवर अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) आणि अधिकृत भाषांतर याला वेळ लागतो, शिवाय सहा महिन्यांहून जास्त राहायचं तर पोलीस आणि वैद्यकीय दाखलेही. प्रवेशपत्र हातात येण्याआधीच हे सुरू करा.

काम मिळवताना

पदवीच्या शेवटी तुमच्याकडे पाच नमुने असू द्या: एका स्पॅनिश बातमीची मराठी कॉपी, एका मराठी बातमीची स्पॅनिश कॉपी, दहा मिनिटांच्या चित्रफितीची सबटायटल्स, एक मुलाखत आणि तीन वृत्तपत्रांची तुलना करणारा एक लेख. सबटायटल करताना एका ओळीत ४२ अक्षरं आणि एका वेळी दोन ओळी ही मर्यादा सर्वसाधारणपणे पाळतात. वाक्य छोटं करण्याची ही कसरत मथळे लिहिणाऱ्याला लवकर जमते. कॉल सेंटरमध्ये स्पॅनिशवाल्यांना चांगले पैसे मिळतात हे खरं, पण तिथे लिहिणं सुटतं. मी सहा महिन्यांत सोडलं.

सबटायटलच्या कामासाठी मला पहिली चाचणी आली तेव्हा मजकूर जेमतेम ३०० शब्दांचा होता. त्यात एक 'बियोन' होता, एक दुहेरी आडनाव होतं, आणि मूळ स्पॅनिश मजकुरातच कुणाच्या तरी हातून 'आन्यो'वरची लाट गळली होती. भाषांतरासोबत मी तेही कळवलं. दुसऱ्या दिवशी दर मिनिटाचा भाव विचारायला फोन आला.